पहिली वेलांटी

मंगळवार, ७ नोव्हेंबर

शब्दकोशाच्या कामाला जोडीत बसायचं नाही, असं माझ्या मैत्रिणीने, कानाने, आज मालकांना सांगितलं. मला नाही, मालकांना. मला ते मालकांकडून कळलं, तेही त्यांच्या हातात चहाचा कप असताना, जणू एखाद्या खिडकीची काच बदलायची आहे.

शांतपणे लिहायला हवं. रागात लिहिलेलं नंतर वाचवत नाही.

आमच्या प्रकाशनात मोठी पुस्तकं अजून जोडीने तपासतात. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसरीने ऐकत ऐकत छापील पानावर नजर फिरवायची आणि चूक दिसली की खूण करायची. मी वाचते, ती ऐकते. नोकरीला लागलो तेव्हापासून असंच चाललं आहे. ती उंच आणि सरळसोट म्हणून काना. मी बुटकी, मान तिरकी करून चालणारी, म्हणून मात्रा. ही नावं कुणी ठेवली ते आठवत नाही, पण आता तिची आईसुद्धा फोनवर ‘मात्रा आहे का’ असं विचारते. आमच्या बोलण्यातही विरामचिन्हं घुसली आहेत. ‘भूक लागली उद्गारचिन्ह’ असं एकीने म्हणायचं आणि दुसरीने डबा उघडायचा.

मी तिला गाठून विचारलं. “एकटीनं बरं जमतं आता,” ती तुटकपणे म्हणाली. (तुटकपणे? की घाईने? ठरवता येत नाही. माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत म्हणाली, एवढं नक्की.) आणि पिशवी उचलून निघाली. हल्ली दर मंगळवारी लवकर जाते. शिवणाचा वर्ग आहे म्हणे. जिने आजवर स्वतःच्या हाताने एक बटण लावलेलं नाही, ती शिवण शिकते आहे.

जोडीची नावं मालकांना वीस तारखेपर्यंत हवी आहेत. माझ्यासमोर दुसरं कुणी बसलेलं मला दिसतच नाही.

गेल्या पुस्तकात तिच्या हातून स्वल्पविराम गळले होते, हे इथे लिहून ठेवते. मी ते स्पष्ट वाचले होते. लक्ष दुसरीकडे असलं की असंच होतं.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

लक्ष कुठे आहे ते आज कळलं.

बाजाराच्या रस्त्यावर काना पुढे चालताना दिसली, बरोबर एक बाई. मी हाक मारली. मग पुन्हा मारली, इतकी मोठ्याने की फळवाल्याने हातातला तराजू खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. त्या दोघींपैकी एकीनेही मान वळवली नाही.

ती बाई मला ओळखीची वाटली. मागच्या गल्लीतल्या शिवणाच्या दुकानात असते. आमच्यापेक्षा लहान, केस कानांवरून ओढून बांधलेले, बोलताना हात फार हलवते. आणि ती कानाच्या डावीकडून चालत होती. डावी बाजू माझी आहे. काना उजव्या हाताने खुणा करते म्हणून टेबलाशी मी तिच्या डावीकडे बसते; तेच रस्त्यात, तेच बसमध्ये. आम्ही कधी ठरवलं नाही, पण मी उजवीकडे असले की मला चालताच येत नाही.

बाईचं नाव मला माहीत नाही. मी तिला पहिली वेलांटी म्हणणार आहे. अक्षराच्या डावीकडे येऊन उभी राहते आणि वरून त्याच्या डोक्यावर हात ठेवते.

नाव ठेवल्यावर बरं वाटलं. बरं वाटलं याचं वाईटही वाटलं, पण त्या मानाने कमी.

रविवार, १२ नोव्हेंबर

फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. मग तिचा मेसेज आला: ‘बोल ना, लिहून पाठव.’ बोल, पण लिहून! पूर्वी फोनवर आमची भाजी करपेपर्यंत गप्पा चालायच्या.

नवरा म्हणाला, “तिला एक मैत्रीण मिळाली तर तुझं जेवण गेलं. उद्या मला कुणी मिळाली तर?”

“तुला कोण घेणार?”

“बघ, म्हणजे माझी काळजीच नाही.”

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

संध्याकाळी दुसरा मेसेज: ‘पुढच्या रविवारी आम्ही बागेत जाणार आहोत. तू येशील ना?’

आम्ही. सगळा जन्म शब्द तपासण्यात गेला, हा कसा सुटेल? ‘आपण’ लिहिलं असतं तर मी आत असते. ‘आम्ही’ लिहिलं की मी दाराबाहेर, आणि ‘तू येशील ना’ म्हणून दार जरासं किलकिलं. शिवाय बाग कुणाची? मोठं पुस्तक छापायला गेलं की बागेत जायचं ही आमची रीत. तिथल्या पाट्यांवरच्या चुका शोधायच्या, कारंज्याजवळच्या बाकावर डबा खायचा आणि परत यायचं. त्यात तिसरं कधीही नव्हतं. एकदा नवरा येतो म्हणाला होता, त्यालासुद्धा नाही म्हटलं होतं.

‘येते’ असं उत्तर पाठवलं. फक्त एवढंच. पूर्णविरामसुद्धा दिला नाही. ती समजेल, असं वाटलं. तिला ते लक्षातही आलं नसेल, असं आता वाटतं.

शनिवार, १८ नोव्हेंबर

उद्यासाठी सँडविचं केली. आधी दोघींपुरती केली. डबा बंद केला, परत उघडला, तिसरीपुरती केली. तिसरीच्या सँडविचला लोणी कमी लावलं. हे कुणाला कळणार नाही, म्हणूनच इथे लिहून ठेवते.

मला नेमकं काय हवं आहे? काना खूश असावी असं मला वाटतं, हे खोटं नाही. पण ती माझ्यामुळे खूश असावी, हे जास्त खरं.

रविवार, १९ नोव्हेंबर

आजचं सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझं मलाच पटणार नाही.

बागेच्या फाटकाशी त्या दोघी आधीच उभ्या होत्या. वेलांटी डावीकडे. मी सवयीने त्याच बाजूला गेले, तर कानाने माझा हात धरला आणि खुर्ची सरकवावी तसं मला ओढून उजवीकडे उभं केलं. “तू इकडे ये,” म्हणाली, आणि माझ्या दंडाला धरून चालायला लागली. म्हणजे माझी जागा गेली ती गेलीच, वर मला माझी नवी जागा दाखवण्यात आली.

वेलांटी सगळं एका पट्टीत बोलते, पाढे म्हटल्यासारखं. आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघते. दातात काही अडकलंय की काय म्हणून मी दोनदा जीभ फिरवून बघितली.

नळाजवळ आमची लाडकी पाटी अजून तशीच आहे: ‘पाणि वाया घालवू नका’.

“बघ बघ, अजून ह्रस्वच!” काना म्हणाली आणि तिला सगळं समजावायला लागली. णला दुसरी वेलांटी हवी, उजवीकडची; यांनी पहिली दिली आहे, डावीकडची. आमचा खेळ होता तो. कुणाला समजावून सांगायचा नव्हता.

मी म्हटलं, “वेलांटी चुकीच्या बाजूला येऊन बसलीय.” मुद्दाम, मोठ्याने आणि अगदी सावकाश.

काना खळखळून हसली. तिला टोमणा कळला नाही, आणि मला कसं तरी झालं. वेलांटी मात्र पाटीकडे बघत म्हणाली, “मग त्यानं काय होतं? पाणी कमी येतं का?”

काना हसता हसता वाकली. विनोद खरंच चांगला होता. मी ओठ दाबून धरले.

कारंज्याजवळ आमचा बाक मोकळा होता, पण काना तिथे बसेना. “इथे नको गं, फार गोंगाट आहे.”

“कारंज्याचा कसला गोंगाट?”

“असतो. तुला नाही कळायचा.”

मग तळ्याच्या काठावर, एका अनोळखी बाकावर बसलो. डबा उघडला. कमी लोण्याचं सँडविच कोणतं ते लक्षात ठेवायचं मी विसरले, आणि ते माझ्याच वाट्याला आलं. खाताना कळलं.

चहा आणायला मी तळ्याच्या पलीकडच्या टपरीवर गेले. चहा उकळेपर्यंत सहज मागे बघितलं. दोघी समोरासमोर तोंड करून बसल्या होत्या. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. कुजबुजत होत्या. भोवती चिटपाखरू नाही, मी एवढ्या लांब, तरी कुजबुजत होत्या. वेलांटी काहीतरी म्हणायची, काना मान हलवायची, ती परत तेच म्हणायची. आणि मग मला दिसलं. वेलांटीचे ओठ मिटले, उघडले, जीभ वर लागली. मात्रा. माझंच नाव. परत एकदा. परत एकदा. मग काना काहीतरी म्हणाली आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या.

चहा घेऊन परत आले तेव्हा माझी बोटं भाजली होती, पण कप खाली ठेवायचं सुचलं नव्हतं.

वेलांटी हात धुवायला नळावर गेली. डावी बाजू रिकामी झाली. मी पटकन तिथे जाऊन बसले, लहान मुलं खिडकीची जागा पकडतात तशी. काना तळ्याकडे बघत होती. किती दिवसांनी आम्ही जशा बसायचो तशा बसलो होतो. आणि मी गवताकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हटलं, “ही आल्यापासून तू माझी राहिली नाहीस.”

काना म्हणाली, “हो ना, ऊन किती छान पडलंय.”

मला वाटलं, ती माझी थट्टा करते आहे. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मी मान फिरवली, तर फुलांच्या वाफ्यापलीकडे, नळापाशी, वेलांटी ओले हात तसेच धरून माझ्याकडे बघत उभी होती.

ती आली. “ताई, जरा चला माझ्याबरोबर. तिकडची फुलं दाखवते.”

मला फुलं बघायची नव्हती. पण गेले. वाफ्याजवळ थांबून ती म्हणाली, “तुम्ही आत्ता जे म्हणालात ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. माझ्यापर्यंत पोचलं.”

“इतक्या लांब ऐकू आलं?”

“मला काहीच ऐकू येत नाही ताई. एका तापात गेलं सगळं. मी तोंड वाचते. तेच शिकवतेसुद्धा, मंगळवारी.”

 मंगळवार हा शब्द डोक्यात फिरत होता, पण कुठे टेकत नव्हता.

“तिनं मला शपथ घातलीय, म्हणून मी काही सांगत नाहीये,” ती त्याच एका पट्टीत म्हणाली. “एवढंच म्हणते की तिच्याशी काही बोलायचं असेल तर उजवीकडून बोला. ती बाजू तिनं तुमच्यासाठी ठेवलीय. मी कुठेही चालते, मला काय, मी बघून बोलते.”

बाजार. फोन. कारंजं. गळलेले स्वल्पविराम. सगळं माझ्यासमोर उघडं पडलेलं होतं आणि मी अक्षर न् अक्षर वाचलं होतं.

“मघाशी माझं नाव घेत होतात,” मी म्हटलं. मला वाटलं, निदान एवढं तरी माझं खरं निघावं.

“हो. तुमचं नाव फार वाईट आहे,” ती म्हणाली. “म, ब, प, ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात. तिला कधी पात्रा दिसतं, कधी बात्रा. मी म्हणते, सोपे शब्द घे आधी. नाही. हट्टानं तेच घेऊन बसते.”

मी परत आले. बाकाला वळसा घालून उजवीकडे बसले.  मग म्हटलं, “डावा कान कधीपासून बंद आहे प्रश्नचिन्ह.”

 कानाने मान वाकवून वेलांटीकडे बघितलं. “फोडलंस ना?”

वेलांटीने दोन्ही हात वर केले. “एक शब्द नाही काढला. बाजू सांगितली फक्त.”

“कानाचा कान गेला उद्गारचिन्ह,” काना म्हणाली. हसायला गेली, पण जमलं नाही. एका सकाळी उठली तर डावा कान बंद होता. उजवाही कमी झालाय, आणि डॉक्टर म्हणतात, अजून होत जाणार.

“मला सांगायचं नाही?”

“तू रडली असतीस. मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागलं असतं. आत्ता रडतेयस तशी.”

“मी रडत नाहीये.”

“बरं. डोळ्यांत ऊन गेलं असेल.” तिने माझ्या हातातला रुमाल काढून माझ्याच हातात परत दिला. “आणि काय सांगू? की तू वाचतेस ते मला ऐकू येत नाही? माझ्या डावीकडे बसून वाचायचीस तू. सगळ्यात आधी तुझाच आवाज गेला. तू वाचायला लागलीस की शिपाईसुद्धा दारात उभा राहतो. म्हटलं, हिच्यासमोर कुणी चांगल्या कानाचं बसू दे. मी नुसती मान हलवत बसले तर शब्दकोशाची वाट लागेल.”

यावर काय म्हणायचं ते मला त्याच क्षणी माहीत होतं. ‘मग तू वाच, मी ऐकते.’ इतकं सोपं. वाचायला कान लागत नाही. ते वाक्य जिभेपर्यंत आलं आणि मी ते गिळलं. खरं तेच लिहायचं तर लिहिते: वाचणं माझं आहे. ते सोडून दुसरं काही मला इतकं चांगलं येत नाही.

काना माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काहीच बोलले नाही, म्हणून तिला वाचायला काही मिळालं नाही.

परत येताना मी उजवीकडून चालले. दोनदा ठेचकाळले.

सोमवार, २० नोव्हेंबर

सकाळी कानाच्या टेबलाशी गेले. उजवीकडे उभी राहिले आणि म्हटलं, “शब्दकोश तू वाचायचास. मी ऐकते.”

“काय?”

“तू वाच!”

“ऐकू आलं गं. विचारतेय, काय म्हणतेयस ते कळतंय का तुला?”

“नाही. चल मालकांकडे, माझं मन बदलायच्या आत.”

ऐकू येत नाही हे मालकांना कानाने स्वतः सांगितलं. मी दाराबाहेर थांबले. आतून तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, कारण हल्ली ती फार मोठ्याने बोलते. हेही मला आजच कळलं. इतके दिवस मला वाटत होतं की ती माझ्यावर खेकसते. मालक बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, “शब्दकोश वेळेवर द्या म्हणजे झालं. आणि दार लावून घ्या.”

दुपारी बसलो. बाजू बदलल्या. ती पानाकडे बघून वाचते आहे, मी पेन्सिल घेऊन ऐकते आहे. ती वाईट वाचते. सगळं एका दमात, आणि पूर्णविराम असा ठोकून म्हणते, जणू भिंतीत खिळा मारते आहे. शिपाई दारात येऊन म्हणाला, “आज काय नाटक आहे का?” काना हसली, तिने त्याचे ओठ वाचले होते बहुतेक. मी नाही हसले. तो दारात माझ्यासाठी उभा राहायचा.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

काना आज लवकर गेली. मी म्हटलं, “शिवणाला निघालीस?” तर म्हणाली, “आम्ही आज परत प-ब-म घेणार आहोत.” पुन्हा आम्ही. टोचलं. कमी टोचलं का? नाही, तेवढंच. फक्त आता कुठे टोचतं ते माहीत आहे. आणि ती जिन्यावरून परत वर आली, दारातून डोकावून म्हणाली, “पुढच्या रविवारी आपण बागेत जाऊ. त्या पाटीची वेलांटी सरळ करून येऊ. वेलांटी येणार आहेच, आता ती तुझीही आहे आणि माझीही.”

म्हणजे ते नाव तिला माहीत आहे. मी ते मोठ्याने कधी म्हटलं? पाटीजवळ एकदाच म्हटलं होतं, मुद्दाम, सावकाश, ओठ स्पष्ट हलवून. म्हणजे टोमणा दोघींनीही वाचला होता, आणि एक हसली होती, दुसरीने त्यावर विनोद केला होता.

घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून आवाज न करता म्हणून बघितलं. मात्रा. पात्रा. बात्रा. खरंच काही फरक नाही. नवरा दारात येऊन बघत राहिला. “काय चाललंय?”

“माझं नाव तोंडावरून ओळखता येत नाही,” मी म्हटलं. “तिला कसं कळणार, मी कोण ते?”

हेच मी दुपारी कानालाही विचारलं होतं. ती पान उलटत म्हणाली होती, “नुसत्या अक्षरावरून नाहीच कळत गं. पुढचंमागचं वाक्य बघायचं.” आणि लगेच पुढच्या नोंदीवर गेली होती, खिळे ठोकत. मी खूण करायला एक स्वल्पविराम विसरले. तो तिने, न ऐकता, माझ्या पेन्सिलीकडे बघून पकडला.